मुलीने मार का लपवला

प्रश्न : तासगाव तालुक्यातल्या एका गावात आम्ही राहतो. द्राक्षाची बाग आहे. घरात सासूबाई, मालक, एकवीस वर्षांचा मुलगा आणि सतरा वर्षे पूर्ण झालेली मुलगी आहे. मुलगी बारावी सायन्सला असून एसटीने रोज सांगलीला जाते आणि विश्रामबागचा क्लास करून संध्याकाळी घरी येते. मागच्या रविवारी तिच्या डोक्याला तेल लावताना बाही वर सरकली आणि दंडावर चार बोटे उमटलेली दिसली. आधी ती म्हणाली, एसटीच्या दारातली दांडी लागली. रात्री जवळ घेऊन विचारल्यावर तिने सांगितले की वर्षभरापासून तिचे एका मुलाशी बोलणे आहे. मुलगा एकोणीस वर्षांचा, डिप्लोमाला आहे. आमच्याच समाजातला, लांबच्या पाहुण्यांतला. क्लासमधल्या एका मुलाशी ती बोलली म्हणून त्याने स्टँडच्या मागे तिला दंडाला धरून ओढले आणि थोबाडीत मारली. ही तिसरी वेळ. मारल्यावर रडतो, पाया पडतो. एसटीत बसल्यावर तिने व्हिडिओ कॉल करून शेजारी कोण बसले आहे ते त्याला दाखवायचे, असा त्याचा नियम आहे. त्याच्याकडे तिचे फोटो आहेत. कसले, ते ती सांगत नाही. ती म्हणते, "त्याचा स्वभाव तापट आहे, पण जीव लावतो. तू बाबांना सांगितलंस तर माझं कॉलेज बंद होईल. मग मी जीव देईन."

सासूबाईंना सुगावा लागला आहे. त्यांचे म्हणणे, मुलगा आपल्यातलाच आहे तर साखरपुडा उरकून टाका. थोरल्याला कळले तर तो त्या मुलाचे हातपाय मोडेल. मालकांचा राग मला माहीत आहे. खरे सांगायचे तर लग्नानंतर सुरुवातीची काही वर्षे त्यांनीही माझ्यावर हात उचलला होता, पण संसार झालाच. मालकांना सांगू का? मुलाच्या घरी जाऊ का? पोलिसांत गेले तर मुलीचे नाव होईल ना? — एक आई

उत्तर : ताई, आपण विचारलेल्या तिन्ही प्रश्नांकडे मी येणार आहे, पण त्याआधी आपण न विचारलेला एक प्रश्न घेते, कारण बाकीची उत्तरे त्याच्यावर अवलंबून आहेत. तिसऱ्यांदा मार खाल्ल्यावरही मुलगी आपण होऊन आईजवळ आली नाही आणि बाही सरकल्यावर एसटीच्या दांडीचे निमित्त पुढे केले, ते कशामुळे? ती त्या मुलाला घाबरते, हे उत्तर पटकन सुचते. पण आपण लिहून पाठवलेले तिचेच शब्द पुन्हा वाचा. कॉलेज बंद होईल, असे ती म्हणते आहे. सतरा वर्षांच्या त्या मुलीने मनाशी एक हिशेब मांडला आहे. एका बाजूला थोबाडीत आहे, जी त्या क्षणी झोंबते आणि चार दिवसांत दिसेनाशी होते. दुसऱ्या बाजूला कॉलेज, क्लास, मोबाइल आणि मैत्रिणी एका संध्याकाळी हातातून जाणे आहे, आणि मागोमाग बोहल्यावर उभे राहणे आहे. या दोहोंत तिला थोबाडीत सोसण्यासारखी वाटली.

हा हिशेब त्या मुलालाही तोंडपाठ असतो, ही यातली जास्त वाईट गोष्ट आहे. "थांब, तुझ्या घरी सांगतो" हे वाक्य आपल्या भागातल्या मुलींवर चालणारे सर्वांत प्रभावी हत्यार आहे, आणि ते त्याच्या हातात आपल्यासारख्या सरळमार्गी घरांनीच दिलेले असते. मुलीला प्रेमाबद्दल घरात मिळणारी शिक्षा जोपर्यंत माराहून मोठी आहे, तोपर्यंत ती मार लपवणार. म्हणून आपल्या घरात दोन गोष्टींची फारकत आधी व्हायला हवी. तिने न विचारता एका मुलाशी नाते जोडले, हा एक विषय. त्याबद्दल आपल्याला वाईट वाटणे स्वाभाविक आहे आणि त्यावर पुढे सवडीने बोलता येईल. तिला मारहाण झाली, हा दुसरा विषय. त्यात तिचा काडीचाही दोष नाही आणि तो थांबायला सवड नाही. पहिल्या विषयाचा राग दुसऱ्यावर काढला गेला की मुलगी पुन्हा त्या मुलाच्याच आसऱ्याला जाते, कारण तिच्या दृष्टीने निदान तो नंतर रडतो तरी.

तेव्हा आज रात्रीच, घरातली निजानीज झाल्यावर, तिच्याशी बोला. कोणत्या शब्दांत बोलावे हे आपण विचारलेले नाही, तरीही सांगते, कारण अशा वेळी आईच्या तोंडून पहिले वाक्य हमखास "तुला हेच करायला पाठवलं होतं का सांगलीला?" असे निघते आणि पुढचे सगळे दरवाजे बंद होतात. आपण असे म्हणू शकता : "तुझं कॉलेज बंद होणार नाही, ते मी होऊ देणार नाही. तू मला सांगितलंस हे बरं केलंस. त्याने मारलं यात तुझी चूक नाही. मी कुणालाही काही सांगायचं ठरवलं तर आधी तुला सांगेन." यातले शेवटचे वाक्य नीट पाहा. कुणालाच सांगणार नाही, असे वचन देऊ नका. ते आपल्याला पाळता येणार नाही, आणि मोडले की तिचा उरलेला विश्वास जाईल. आधी तुला सांगेन, हे मात्र पाळता येण्यासारखे आहे. कॉलेजबद्दलचे वचन तर कुठल्याही परिस्थितीत पाळायचेच आहे. घरात त्यासाठी भांडावे लागले तरी भांडा.

ती "जीव देईन" म्हणाली, हे आपण पत्रात ओघात लिहून पुढे गेला आहात. मला तिथे थांबावेसे वाटते. मुली असे बोलतातच, म्हणून ते सोडून देऊ नका. तिला सरळ विचारा की मरण्याचा विचार खरोखर मनात येतो का, कधी येतो, काही ठरवले होते का. विचारल्याने असा विचार डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी विचारले याने बोलणाऱ्याचा भार हलका होतो. आणि आपल्या घरी द्राक्षबाग आहे, म्हणजे फवारणीची औषधे घरात किंवा शेडमध्ये असणार. आजपासून ती कुलपात ठेवा आणि किल्ली आपल्याकडे ठेवा. श्रीलंकेने १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली आणि पुढच्या दोन दशकांत तिथले आत्महत्यांचे प्रमाण निम्म्याहूनही खाली आले. रागाच्या किंवा निराशेच्या त्या अर्ध्या तासात विष हाताशी नसणे यानेच माणसे वाचतात. १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस सेवेचा सरकारी क्रमांक आहे. तिथे रात्री-अपरात्रीही मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत, आणि ती स्वतः किंवा आपणही फोन करू शकता.

याच बोलण्यात आणखी काही गोष्टी विचारून घ्यायला हव्यात, आणि त्या आडून विचारू नयेत. त्याने कधी गळा धरला किंवा दाबला होता का? डोके कशावर आपटले होते का? तिच्या मनाविरुद्ध अंगाला हात लावला, किंवा त्याहून पुढे काही केले का? पहिल्या दोनांपैकी एकाचेही उत्तर होय असेल तर बाहेरून काही दिसत नसले तरी तिला त्याच दिवशी दवाखान्यात न्या. गळा दाबल्यावर कातडीवर खूण न उठताही आत इजा झालेली असू शकते. आवाज बसणे, गिळताना दुखणे, डोळ्यांच्या पांढऱ्यात लाल ठिपके येणे ही लक्षणे कित्येकदा काही तासांनी दिसू लागतात. शिवाय जोडीदाराचा गळा दाबणारा पुढे जीव घेण्यापर्यंत जाण्याचा धोका कितीतरी पटींनी जास्त असतो, असे या हिंसेचा अभ्यास करणाऱ्यांना आढळले आहे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर होय आले तर कायद्याची वाट वेगळी होते; त्याबद्दल खाली लिहिले आहे. दंडावरच्या खुणांचा फोटो, चेहरा दिसेल असा एक आणि जवळून एक, आजच्या आज काढून ठेवा. त्या पिवळ्या पडून चार दिवसांत जातील आणि मग सांगायला फक्त शब्द उरतील.

आता "तापट स्वभाव". हे शब्द मुलीने त्याच्याकडून घेतले आहेत आणि आपणही ते खरे धरून चालला आहात, असे पत्रावरून वाटते. हा मुलगा वर्कशॉपमध्ये सर ओरडले तर त्यांच्यावर हात टाकत नाही, एसटीत कंडक्टरने सुट्ट्या पैशांवरून चारचौघांत झापले तर त्याच्या थोबाडीत देत नाही, आणि तिला मारायलाही त्याने स्टँडच्या मागची, लोकांच्या नजरेआडची जागाच निवडली. ज्याला राग आवरत नाही त्याला जागा निवडण्याचे भान राहत नाही. पत्रातली थोबाडीतीहून मोठी खूण मला त्या व्हिडिओ कॉलच्या नियमात दिसते. रोज एसटीत बसल्यावर फोन फिरवून शेजारच्या सीटवर कोण आहे ते दाखवायचे, म्हणजे ती त्याच्यासमोर नसतानाही त्याच्या पहाऱ्यात राहते. शेजारी एखादे म्हातारे आजोबा बसले तरी तिच्या छातीत धडधडत असेल. मार हा या पहाऱ्याचा भाग असतो. नियम मोडला की काय होते ते दाखवण्यापुरता तो अधूनमधून येतो. आणि नंतरचे ते रडणे, पाया पडणे? ते खोटे असेलच असे नाही, त्या घटकेला त्याला खरोखर वाईट वाटतही असेल. पण त्या रडण्याने झाले काय, तर मुलीने त्याची समजूत काढली आणि ज्याने मारले त्यालाच धीर दिला. अशा नात्यांत आधी ताण वाढत जातो, मग मार बसतो, मग माफी आणि लाडाचे दिवस येतात आणि पुन्हा ताण सुरू होतो. काळ जातो तसे लाडाचे दिवस आखूड होतात. पहिल्या माराच्या आणि दुसऱ्या माराच्या मध्ये किती महिने गेले आणि दुसऱ्याच्या नि तिसऱ्याच्या मध्ये किती, हे तिलाच मोजायला सांगा. आपण सांगण्यापेक्षा तिने मोजलेले तिला जास्त पटेल.

आपल्या पत्रात स्वतःबद्दल एक वाक्य आहे. पतींनी सुरुवातीची काही वर्षे हात उचलला, पण संसार झालाच, असे आपण लिहिले आहे. मला त्या वाक्यावरून आपल्याला काही सुनवायचे नाही. त्या वयात माहेरी परत जाण्याची सोय नसेल, कुणाला सांगावे अशी जागा नसेल, आणि आपण सोसून घर उभे केले असेल. पण आपण ते वाक्य मुलीबद्दलच्या पत्रात लिहिले, याचा अर्थ कुठेतरी मनात असा विचार डोकावला असावा की तिचेही तसेच होईल, निभेल. असा विचार करणाऱ्या आपण एकट्या नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या सुमारे ४४ टक्के स्त्रियांनी, उलट बोलणे किंवा सासरच्यांचा मान न राखणे यांसारख्या काही ना काही कारणासाठी नवऱ्याने बायकोला मारणे योग्य ठरू शकते, असे उत्तर दिले होते. पुरुषांचे नव्हे, बायकांचे हे उत्तर आहे. आपल्या मुली हे उत्तर कुठल्या पुस्तकात वाचत नाहीत. घरात आईच्या तोंडून एखाद्या दुपारी सहज निघालेल्या अशाच एखाद्या वाक्यातून त्या ते उचलतात, आणि मग स्टँडच्या मागे कुणी दंड धरला तर त्यांना ते अघटित वाटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की लग्नाच्या किंवा प्रेमाच्या नात्यात असलेल्या मुलींपैकी जवळपास चौघींत एक वयाची वीस वर्षे पूर्ण होण्याआधी जोडीदाराकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसते. तेव्हा आपल्या मुलीवर आलेली वेळ जगावेगळी नाही. आपल्याला मनाची तयारी होत असेल तर तिला एकदा सांगा की मलाही मारले होते, ते मी सोसले, आणि तू सोसावेस असे मला वाटत नाही. हे सांगणे किती अवघड आहे याची मला कल्पना आहे. पण माझ्या पानभर सल्ल्याहून त्या एका कबुलीचा तिच्यावर जास्त परिणाम होईल.

सासूबाईंच्या साखरपुड्याच्या सूचनेवर फार वेळ घालवायला नको. मुलगी अठरा वर्षांची नाही आणि मुलगा एकवीसचा नाही. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यानुसार दोघेही लग्नाच्या वयाचे नाहीत आणि असे लग्न लावून देणारे घरचे मोठे त्यात आरोपी होतात. कायदा बाजूला ठेवला तरी साखरपुड्याने काय साधणार? आज तो चोरून मारतो, उद्या हक्काने मारेल. सासूबाईंना मुलीच्या अब्रूची काळजी आहे, हे त्यांना मोकळेपणाने मान्य करून सांगा, आणि मुलगा आपल्यातला असण्याने त्याची थोबाडीत आपली होत नाही, हेही सांगा. तो परजातीतला असता तर याच घरात काय झाले असते, याचाही एकदा मनाशी विचार करून पाहा. जातीवरून मारहाण माफ होत नाही की वाढत नाही.

मालकांना सांगावे का, हा आपला पहिला प्रश्न. सांगावे लागेल. एवढी मोठी गोष्ट आपण एकटीने पोटात ठेवून चालणार नाही, आणि बाहेरून त्यांच्या कानावर गेली तर ती विपर्यास होऊन जाईल. पण ते कसे आणि कुणाच्या देखत सांगायचे, ते ठरवून घ्या. बागेची छाटणी चालू असताना, मजूर घरात असताना, किंवा ते थकून आल्यावर जेवणाच्या पाटावर हा विषय काढू नका. ज्यांच्यापुढे ते आवाज चढवत नाहीत असे एखादे माणूस, त्यांची मोठी बहीण किंवा मुलीचे मामा, आधी विश्वासात घ्या आणि त्यांना त्या वेळी घरी बोलवा. बोलताना सुरुवात प्रेमप्रकरणापासून न करता माराच्या खुणांपासून करा : "आपल्या पोरीला एका मुलाने तीनदा मारलं आहे, आपल्याला ते थांबवायचं आहे आणि तिचं वर्ष वाया जाऊ द्यायचं नाही." बाकी सगळे त्यानंतर. मुलगी त्या वेळी मावशीकडे किंवा मामाकडे असली तर बरे. मालकांचा हात तिच्यावर किंवा आपल्यावर पडेल अशी खरी भीती असेल तर हे बोलणे घरात करूच नका; पोलिसांच्या भरोसा सेलमध्ये किंवा हिंसा सोसणाऱ्या स्त्रियांना मदत करणाऱ्या सरकारी सखी वन स्टॉप सेंटरमध्ये समुपदेशकांसमोर करा.

थोरल्याला मात्र वडिलांनंतर सांगा, आणि वडिलांच्याच तोंडून. भावाने चार मित्र घेऊन जाऊन त्या मुलाला झोडपले, की गुन्हा भावावर दाखल होतो, तो मुलगा हाताला पट्टी बांधून बिचारा ठरतो, सगळ्या तालुक्यात कारणासकट बातमी पसरते, आणि मुलीचे मन पुन्हा त्याच्याकडे वळते, कारण आता तिच्यामुळे त्याला मार बसलेला असतो. भावाला काही करावेसे वाटत असेल तर त्याच्यासाठी एक काम आहे : संध्याकाळी क्लास सुटल्यावर काही दिवस मोटरसायकल घेऊन विश्रामबागला जायचे आणि तिला घरी आणायचे, वाटेत एक शब्दही न विचारता. एकवीस वर्षांच्या मुलाला मारामारीपेक्षा हे जड जाते, पण करता येते.

तिने नाते तोडावे असे आपल्याला वाटणार, मलाही वाटते. तरीही तिच्याकडून देवापुढे शपथ घेऊ नका. अशा नात्यातून मुली एका फटक्यात बाहेर पडत नाहीत, दोन-तीनदा परत जातात, आणि शपथ मोडलेली मुलगी पुढच्या वेळी आईला काहीच सांगत नाही. अट एकच ठेवा, आणि ती ठाम ठेवा, की त्याला एकांतात भेटायचे नाही. नाते तोडण्याचा काळ सर्वांत धोक्याचा असतो, कारण पहारा सुटतो आहे हे त्याला दिसत असते. "शेवटचं एकदा भेट, हरिपूरला संगमावर ये, मग तुझ्या वाटेला जाणार नाही" असा निरोप जवळजवळ ठरलेलाच असतो, आणि त्या शेवटच्या भेटीला मुळीच जायचे नाही. तिची तयारी झाली की तिने एकच लेखी मेसेज पाठवावा, "मला हे नाते नको आहे, यापुढे मला फोन किंवा मेसेज करू नकोस, माझ्या मागे येऊ नकोस", आणि त्यानंतर वाद घालू नये. हा मेसेज पुढे पुरावा म्हणूनही उपयोगी पडतो. स्पष्ट नकार दिल्यावरही मुलीच्या मागे फिरणे, पुन्हा पुन्हा संपर्क साधणे किंवा तिच्या फोन-इंटरनेटच्या वापरावर पाळत ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे आणि पहिल्यांदा सिद्ध झाला तरी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तो स्वतःच्या जिवाचे बरेवाईट करण्याची धमकी देईल, तर तिने तो मेसेज आपल्याला दाखवावा आणि आपण त्याच्या घरच्यांना आणि ११२ ला कळवावे; त्याला वाचवायला तिने धावत जायचे नाही. तिचे पासवर्ड बदला, लोकेशन बंद करा, पण मोबाइल काढून घेऊ नका, आणि रागाने फोडू तर नकाच. सगळा पुरावा त्यात आहे आणि अडचणीत आपल्याला फोन करायचे साधनही तेच आहे.

फोटोंबद्दल ती गप्प आहे, याचा अर्थ ते दाखवण्यासारखे नसावेत असे धरून चाला, आणि ते बघायला मागू नका. अठरा वर्षांखालील मुलीचे तसले फोटो बाळगणे, पाठवणे किंवा पाठवण्याची धमकी देणे हे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७ ब आणि पोक्सो (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा) यांखाली गंभीर गुन्हे आहेत. पुरावा म्हणून सुद्धा असे फोटो मामाला किंवा ओळखीच्या पुढाऱ्याला फॉरवर्ड करू नका. तो फॉरवर्डही त्याच कलमात बसतो. धमकीचे मेसेज तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला किंवा जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्याला कळवा. "टेक इट डाउन" नावाची एक मोफत सेवा आहे, तिथे अल्पवयात काढलेले फोटो स्वतःच्या फोनमधून बाहेर न पाठवताच त्यांची डिजिटल खूण नोंदवता येते आणि मोठी समाजमाध्यमे त्या खुणेवरून ते काढून टाकतात. तिचे तिलाच ते करता येईल.

पोलिसांकडे गेल्यास नाव होईल का? आपल्याला वाटते तेवढे होत नाही. साधी थोबाडीत आणि दंड पिळणे हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ११५ मध्ये येते. त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड आहे, पण तो अदखलपात्र असल्याने ठाण्यात बहुधा एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, करून घेतात आणि मुलाला बोलावून समज देतात. कित्येकदा एवढ्यानेही फरक पडतो. लैंगिक उद्देशाने काही झाले असेल तर मात्र, ती अठरा वर्षांखालील असल्याने तिची संमती असली तरी, पोक्सो लागू होतो, आणि तिथे दोन गोष्टी आपल्याला आधी ठाऊक हव्यात. पहिली, अशा गुन्ह्याची माहिती असलेल्या कोणालाही, डॉक्टर आणि समुपदेशकांनाही, ती पोलिसांना कळवणे कायद्याने बंधनकारक आहे; तेव्हा दवाखान्यात किंवा केंद्रात जाण्याआधी मुलीला हे समजावून सांगा, नाहीतर तिला दगाफटका झाल्यासारखे वाटेल. दुसरी, या कायद्यात तिचे नाव, गाव, कॉलेज किंवा फोटो छापायला बंदी आहे, तिचा जबाब शक्यतो महिला अधिकाऱ्याने साध्या वेशात तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी घ्यायचा असतो, आणि तिला रात्री ठाण्यात थांबवून ठेवता येत नाही. एक गोष्ट आवर्जून सांगते. काही घरे नाते मोडण्यासाठी न घडलेल्या गोष्टी फिर्यादीत घालतात. तसे करू नका, कुणी सुचवले तरी ऐकू नका. मुलगी न्यायालयात खरे बोलते, खटला कोसळतो, आणि खरोखर बसलेल्या माराचीही किंमत राहत नाही.

थेट ठाण्याची पायरी चढायला मन घेत नसेल तर सांगलीतल्या पोलिसांच्या निर्भया पथकाशी किंवा सखी केंद्राशी आधी बोला. १०९८ वर चाइल्डलाइन आणि १८१ वर महिला हेल्पलाइनही ऐकून घेते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील स्त्रिया आणि मुलांना उत्पन्न न बघता फुकट मिळतो, त्यांचा क्रमांक १५१०० आहे. कॉलेजात शिकवणाऱ्यांपैकी जिच्याशी मुलगी मोकळेपणाने बोलते अशी एखादी बाई असेल तर तिला विश्वासात घ्या. शाळांतून २०२२ पासून मुलींच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समित्या नेमायच्या आहेत, कॉलेजात अशी समिती आहे का तेही विचारा.

राहिले मुलाच्या घरी जाणे. लगेच जाऊ नका, एकट्या जाऊ नका, आणि भावकीतल्या मध्यस्थांना घेऊन तर अजिबात जाऊ नका. तशी बैठक शेवटी "पोरांचं चुकलं, आता जुळवून घ्या" इथेच येऊन थांबते आणि सासूबाईंचा साखरपुडा मागच्या दाराने परत येतो. शक्य तर ही भेट भरोसा सेलमध्ये समुपदेशकांच्या समोर घडवून आणा. तिथे त्याच्या आईवडिलांना इतकेच सांगायचे की तुमच्या मुलाने आमच्या मुलीला मारले आहे, त्याने यापुढे तिच्याशी कोणताही संबंध ठेवायचा नाही, फोटो समुपदेशकांसमोर पुसायचे, आणि पुन्हा काही झाले तर आम्ही लेखी तक्रार देणार आहोत. फोटो पुसण्याआधी धमकीचे स्क्रीनशॉट पोलिसांकडे गेलेले असू द्या. तो एकोणीस वर्षांचा आहे, त्याला आत्ताच कुणी शहाण्याने हाताला धरून बसवले तर तो सुधारूही शकेल. पण ते त्याच्या घरच्यांनी आणि समुपदेशकांनी पाहायचे आहे, त्यासाठी आपल्या मुलीला त्याच्याजवळ ठेवायचे नाही.

या आठवड्यात आपण स्वतः एकदा मुलीबरोबर एसटीने सांगलीला जा. क्लासच्या सरांना भेटून सकाळच्या बॅचमध्ये जागा आहे का पाहा, म्हणजे संध्याकाळचा स्टँड टळेल; कारण सांगायची गरज नाही, शेवटची गाडी चुकते एवढे पुरे. येताना कॉलेजच्या ऑफिसमध्ये डोकावून तिचा बारावीच्या परीक्षेचा अर्ज भरला गेला आहे की नाही, ते विचारून घ्या.